संध्याकाळचा चित्रवर्ग: रेघ, पोत, छटा पोरांना शिकवायच्या कशा?

बॉबिन

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागून ठेवते.

मी इचलकरंजीची. चित्रकार नाही. बी.कॉम. झाले, दिवसभर एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या माडीवर एक खोली रिकामी असते. जूनपासून तिथे सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेपाच ते पावणेसात मी मुलांना चित्रकला "शिकवते". अवतरणचिन्ह मुद्दाम घातलंय. सुरुवात अशी झाली की माझा भाचा शाळेतून आला की मोबाइल घेऊन जिन्यात बसायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारची दोन डोकी. म्हटलं यांना कागद तरी देऊ. आता १४ पोरं आहेत. सगळ्यात धाकटी ६ वर्षांची, थोरला १२ चा. निम्म्यांचे आईवडील यंत्रमागावर पाळीला जातात, संध्याकाळी घरी कुणी नसतं, हे खरं कारण. कलेची ओढ वगैरे नंतरचं.

आता रडगाणं.

पहिल्या दिवशी म्हटलं, हवं ते काढा. ११ जणांनी एकच चित्र काढलं. तुम्हालाही डोळे मिटून दिसेल: दोन डोंगर, मधे अर्धा सूर्य, त्याच फटीतून निघालेली नदी, डावीकडे झोपडी, उजवीकडे नारळाचं झाड, वर भुवयांसारखे पक्षी. यातल्या एकाही पोराच्या घरातून डोंगर दिसत नाही. नदी आहे आमच्याकडे, पंचगंगा, पण ती अशी दोन डोंगरांच्या कुशीतून उगवत नाही. आणि झोपडीच्या दारात रांगोळी काढलेली, पट्टीने!

मग मी अभ्यास केला. फळ्यावर लिहिलं, "दृश्यकलेचे मूलघटक: रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश." एका मुलाने ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं, "बाई, हे परीक्षेला आहे का?" धाकटी झोपली.

मग म्हटलं थेट रंगाला हात घालू. लाल, पिवळा, निळा यांतून दुसरे रंग होतात हे दाखवायला पोस्टर कलर आणले. नारिंगी झाला. हिरवा झाला. टाळ्या. जांभळ्याला मात्र लाल अधिक निळा करून तपकिरी चिखल निघाला. तीनदा केला, तीनदा चिखल. पोरं म्हणाली, बाई, पुस्तकातलं खोटं आहे. मला उत्तर देता आलं नाही.

शिवाय खोडरबर. एक रेघ मारली की खोड, एक रेघ मारली की खोड. कागद विरतो, चित्र होत नाही.

आणि पालक. "परीक्षेला कधी बसवणार?" हा प्रश्न दर आठवड्याला.

तर कुणी सांगा, हे घटक कुठल्या क्रमाने, किती दिवस, कसे घ्यायचे? खर्च जमेल तेवढा कमी. फी महिना ५० रुपये ठेवली आहे, तीही देतील त्यांची.

लिंबूटिंबू

चित्रकलेतलं कळत नाही, पण दोन पोरं वाढवलीत. खोडरबरावर उपाय: पेन्सिलच बंद करा. बॉलपेन द्या. पहिले दोन दिवस हाय खातात, मग विसरतात.

आणि रंगाचा एक खेळ सांगते, पैसे लागत नाहीत. जाड कागदावर हळदीचं पाणी फासून वाळवायचं. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर चित्र काढायचं, लाल उमटतं. वर लिंबू पिळलं की परत पिवळं. पांढऱ्या सदऱ्यावरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल होतो तीच करामत. चुन्यानेही होतं, पण पोरांच्या हातात चुना देऊ नका, डोळ्यांत गेला तर महागात पडेल.

फळा_खडू

बॉबिनताई, आधी फळ्यावरचं ते पुसून टाका. मी स्वतः ते वीस वर्षं फळ्यावर लिहिलंय, म्हणून हक्काने सांगतो.

ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाची पदविका) करून ३१ वर्षं गडहिंग्लज भागातल्या हायस्कुलात चित्रकला शिकवली. आठवड्याला दोन तास, त्यातला एक गणिताचे सर मागून न्यायचे. तेव्हा जे सांगतो ते पुस्तकातलं कमी आणि चुकांमधलं जास्त आहे.

दोन डोंगरांबद्दल. पोरं ते चित्र "ग म भ न" गिरवावं तसं गिरवतात. याने त्याचं बघितलं, त्याने मोठ्या बहिणीचं बघितलं. बघायची गरजच पडत नाही, हातात बसलेलं असतं. रागावू नका आणि बंदीही घालू नका. मी एके वर्षी बंदी घातली होती. पोरांनी डोंगराच्या जागी दोन गाढवं काढली, मधे सूर्य तसाच.

सुरुवात रेघेपासून करा आणि तीन आठवडे रेघच करा. रंगपेट्या कपाटात, कुलूप लावून.

प्रत्येकाने पायातली एक चप्पल काढून समोर ठेवायची. बॉलपेन (लिंबूटिंबूंचं बरोबर आहे) कागदावर टेकवलं की नजर चपलेवर. कागदाकडे बघायचं नाही, पेन उचलायचं नाही. मुंगी चपलेच्या कडेने चालली आहे असं धरायचं. ती जिथे जाईल तिथे डोळा, डोळा जाईल तिथे पेन. मुंगी पळत नाही, हे तीनदा सांगावं लागतं. दहा मिनिटं लागली पाहिजेत. पहिली चप्पल तव्यावरच्या फसलेल्या धिरड्यासारखी येते, सगळे एकमेकांचं बघून हसतात. हसू द्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुणालातरी शिवण दिसते, कुणाला अंगठ्याजवळची झीज. त्या दिवशी तुमचा वर्ग सुरू झाला असं समजा.

दुसरा खेळ. तुमच्या गावात माग आहेत हे केवढं भाग्य! खिडकी उघडा आणि त्या आवाजाची रेघ काढायला लावा. मागाचं चित्र नको, आवाजाची रेघ. साध्या मागाचा खटखटाट आणि शटललेस (धोट्याविना चालणाऱ्या) मागाचा सुसाट आवाज यांच्या रेघा वेगळ्या यायला हव्यात. कागद अदलाबदल करून कुठली कुणाची ते दुसऱ्याने ओळखायचं. पावसाचीही अशीच रेघ होते. रिमझिम, सर, वळीव. एकच पेन, तीन पाऊस. रेघेला जाडी असते, वेग असतो, ती थरथरते, तुटते, हे पोरांना सांगावं लागत नाही, ती तुम्हाला सांगतात.

जे पोर एका जागी बसत नाही त्याला एक ठिपका काढून द्या आणि म्हणावं, ठिपक्यापासून सुरू कर. चित्रकार रझा लहानपणी मध्य प्रदेशातल्या गावच्या शाळेत होते, तेव्हा त्यांचंही लक्ष ठरत नसे. मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बस म्हणाले. ही गोष्ट ते स्वतः सांगायचे. पुढे नागपूरला शिकले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, पॅरिसला राहिले आणि उतारवयात आयुष्याची चित्रं त्या बिंदूभोवती केली. पोरांना ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात मास्तर ओरडत नाही.

रेघ झाली की आकार, मग पोत. पोत हा शब्द जगात कुठे समजावून द्यावा लागत नसेल तर तो तुमच्या गावात. कापडाचा पोत कसा आहे हे तिथलं शेंबडं पोरही चिमटीत धरून सांगेल. एका पिशवीत चिंध्या भरा: गोणपाट, मलमल, पॉपलिन, टॉवेलचा तुकडा, मच्छरदाणी. पोराने आत हात घालायचा, डोळे मिटून चाचपायचं आणि बोटांना जे लागलं ते पेन्सिलने कागदावर. चिंधीचं चित्र नको, खरखर काढ, मऊ काढ.

त्यानंतर घासचित्रं. पातळ कागद हवा, कार्ट्रिजवर (चित्रकलेच्या जाड कागदावर) होत नाही. मेणखडूचा कागद सोलून खडू आडवा धरायचा आणि नाणं, जिन्याची जाळी, पिंपळाचं पान, चपलेचा तळ यांवर कागद ठेवून घासायचा. खडू उभा धरला की कागद फाटतो.

खळ शिजवा, म्हणजे मैद्याची चिकट पेज. खळ म्हणजे काय हेही तुमच्या पोरांना सांगायला नको. त्यात चमचाभर पोस्टर कलर घालून पुठ्ठ्यावर फासायची आणि ओली असताना जुन्या कंगव्याने, काडीने, काट्याचमच्याने ओढायचं. हात भरतात, फरशी भरते. सोमवारी करू नका, बुधवारपर्यंत फरशी घासत बसाल.

छटा आणि रंग यांचं वेगळं लिहितो. बायको जेवायला हाक मारतेय.

सातवीची_आई

सर, वाचायला छान वाटतं. पण मी त्या "परीक्षेला कधी बसवणार" विचारणाऱ्या पालकांपैकी आहे, म्हणून लिहिते. आमच्या मुलीच्या क्लासला आम्ही महिन्याला सातशे रुपये देतो. वर्षभर चपला आणि पिशवीतल्या चिंध्या काढल्या तर घरी काय सांगायचं? एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा आहेत, इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. मध्यमवर्गीय माणूस त्याकडे बघणारच, त्यात लाज कसली? माझ्या मुलीला तिच्या क्लासने स्मरणचित्राचे दहा विषय पाठ करून दिले होते. बाजार, बसथांबा, गणपती विसर्जन. पेपरात अकरावा आला.

फळा_खडू

सातवीच्या आई, लाज अजिबात नाही. मी स्वतः शेकडो पोरं बसवलीत आणि "ए" श्रेणी आली की साखर वाटलीय.

पण एलिमेंटरीचे पेपर बघा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र-नक्षीकाम, आणि कर्तव्यभूमिती-अक्षरलेखन. वस्तुचित्रात बादली आणि कांदे मांडतात. तिथे काय लागतं? बादलीच्या तोंडाचा लंबगोल, उजेड कुठून येतो, पत्र्याचा पोत वेगळा, कांद्याचा वेगळा. नक्षीकामात आकार, मोकळी जागा, रंगसंगती. स्मरणचित्रात पुढचा माणूस मागच्याला झाकतो की नाही. चप्पल काढलेल्या पोराला अकरावा विषय आला तरी फरक पडत नाही. दहा पाठ केलेल्याला पडतो. तुमच्या लेकीचं तेच झालं, तिची चूक नाही.

माझं भांडण फक्त एवढंच, की सहा वर्षांच्या पोराला बादलीपुढे बसवू नये. त्या वयाची पोरं खाली एक हिरवी पट्टी काढतात, तिच्यावर सगळी माणसं, घरं, कुत्री उभी. वर निळी पट्टी म्हणजे आकाश. मधला कागद कोरा. "आकाश खालपर्यंत येतं बाळा" असं सांगून काही उपयोग नसतो, त्याच्या हिशेबाने ते वरच असतं. नऊ-दहाव्या वर्षी तेच पोर येऊन विचारतं, "सर, घराच्या मागे उभा असलेला माणूस कसा दाखवू?" तो दिवस अवकाश शिकवण्याचा. त्याआधी शिकवलं तर ते तुमच्यासाठी काढतात, स्वतःसाठी नाही.

गेरू

डहाणू तालुक्यात शिक्षिका आहे. आकाराबद्दल थोडं.

शहरातल्या वर्गांत हल्ली "वारली" म्हणून वहीच्या कडेला माणसांची माळ काढायला देतात आणि त्रिकोण, गोल, चौकोन शिकवले असं म्हणतात. इथे लग्नाच्या घरी सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. हो, चित्र "लिहितात" म्हणायची पद्धत आहे. गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक ठेचून कुंचला केलेली बांबूची काडी. चौकात पालघाट देवी. गोल सूर्य-चंद्रावरून, त्रिकोण डोंगर आणि झाडांवरून आला असं सांगतात. जिव्या सोमा माशे यांनी १९७० च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर नेली आणि लग्नाखेरीज रोजचं जगणंही काढलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले.

वर्गात काय करायचं, तर माळ उतरवून घ्यायला लावू नका. काळ्या घोटीव कागदाचे दोन-दोन त्रिकोण कापून द्या. टोकाला टोक लावून ठेवले की धड तयार. आता वरचा त्रिकोण जरा कलता करा, माणूस वाकला. उलटा कलवा, ओझं उचललं. दोन्ही विरुद्ध दिशांना कलवले की नाचायला लागतो. चिकटवण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं हलवू द्या. माझ्या दुसरीच्या मुलांनी याच त्रिकोणांतून भात लावणारी बाई, कबड्डी आणि बस चुकलेला माणूस केला. बस चुकलेला कसा ओळखला? दोन्ही हात वर होते आणि पुढे काही नव्हतं. नुसता कोरा कागद.

सर ज्याला अवकाश म्हणतात ते हेच ना?

फळा_खडू

हेच, बाई. तुमच्या पोराने एका झटक्यात शिकवलं. मी त्यासाठी खुर्चीच्या पायांमधल्या फटी काढायला लावायचो. खुर्ची नाही काढायची, फटी काढायच्या. मोठ्या पोरांना पटायचं, लहानांना नाही. तुमचा बस चुकलेला माणूस लहानांनाही पटेल.

आता बॉबिनताईंचा जांभळा.

ताई, पुस्तक खोटं नाही, तुमची बाटली वेगळी आहे. लाल म्हणून जी बाटली आणली ती बहुतेक व्हर्मिलियन किंवा स्कार्लेट असणार. त्या लालात मुळातच पिवळेपणा असतो. म्हणून नारिंगी झकास झाला. पण जांभळ्याला तोच नडतो. लालातला पिवळा, वरून निळा, म्हणजे तिन्ही रंग एका वाटीत आले आणि चिखल झाला. क्रिमझन आणा, तो गुलाबीकडे झुकलेला लाल. त्यात अल्ट्रामरीन निळा. प्रशियन निळा हिरव्याकडे झुकतो, तो नको. एवढं केलं की जांभळं वांगं येईल.

हे पोरांपासून लपवू नका. दोन्ही लाल शेजारी ठेवा आणि विचारा, कुठला टोमॅटो, कुठलं डाळिंब? डोळा लगेच सांगतो. "लाल" हा एक रंग नसून मोठं कुटुंब आहे, हे कळलं की रंगचक्र पाठ करायची गरज उरत नाही.

आणखी दोन गोष्टी. हिरवा करताना पिवळ्यात निळा घाला, निळ्यात पिवळा घालू नका. दुधाला विरजण लावतो तेवढाच निळा. उलट केलंत तर पिवळ्याची बाटली संपेल आणि रंग निळाच राहील. दुसरं, गडद करायला म्हणून पोरं काळा घालतात. पिवळ्यात काळा घातला की तो शेवाळी हिरवा होतो. हे एकदा होऊ द्या, चेहरे बघण्यासारखे असतात. मग काळ्याची बाटली लपवा.

पाण्याचे डबे दोन. एकात कुंचला धुवायचा, दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगात घ्यायचं. अर्धा चिखल डब्यातून येतो.

पण रंग शेवटी. आधी छटा. हे माझं ठाम मत आहे आणि यावरून मी स्टाफरूममध्ये भांडलोय. रंग हातात आले की पोरं उजेड-अंधार बघणं सोडतात. पान हिरवं आहे एवढंच बघतात, त्याची एक बाजू जवळजवळ काळी आहे हे दिसत नाही.

छटेसाठी सगळीकडे अंडं मांडायला सांगतात. मी एकदा मांडलं. दुसऱ्या दिवशी तीन पालक शाळेत. तेव्हापासून संक्रांतीचं सुगड. प्रत्येक घरात माळ्यावर एखादं पडलेलं असतंच. त्याला चुना फासायचा (पोरांनी नाही, तुम्ही), म्हणजे रंग गेला, नुसता आकार आणि उजेड राहिला. खोलीतला दिवा बंद, एका बाजूने बॅटरी. डोळे किलकिले करायचे, बारकावे पुसले जातात आणि उजेडाचे पट्टे दिसतात. सगळ्यात उजळ जागा, मधली छटा, गडद बाजू, जमिनीवरची पडछाया. एवढं सगळ्यांना दिसतं. मग विचारा, गडद बाजूच्या अगदी काठाला काय आहे? तिथे एक फिकी कड असते. टेबलावर पडलेला उजेड परतून सुगडाला लागलेला असतो. ती कड ज्याला सांगितल्याशिवाय दिसली, त्याला त्या दिवशी सुट्टी.

त्याआधी एक पट्टी करून घ्या. पाच घरं, पहिलं कोरं, शेवटचं ६बी (मऊ, गडद) पेन्सिलने जेवढं काळं होईल तेवढं, मधली तीन पायरी-पायरीने. लहानांना तीनच घरं पुरेत.

लिंबूटिंबू

सर, माळ्यावरून सुगड काढलं. आत झुरळ होतं. बाकी कड दिसली. वय ५२, पहिल्यांदा दिसली.

बॉबिन

धागा वर काढतेय. दोन महिने झाले. उत्तर द्यायला उशीर झाला कारण मधे दिवाळी, आणि दिवाळीआधी आमच्याकडे हिशेबाला श्वास घ्यायला वेळ नसतो.

सगळं जमलं असं नाही. खळ मी सरांचं न ऐकता सोमवारीच केली. वाचनालयाच्या सचिवांनी जिन्यावरचे पिवळे हात बघून दोन आठवडे माडीला कुलूप लावलं होतं. शेवटी पोरांनीच जिना घासला. आवाजाच्या रेघा मात्र अशा आल्या की मी त्या दप्तरात ठेवून दुकानात नेल्या. शेठजींनी दोन मिनिटं बघून साधा माग आणि शटललेस माग बरोबर ओळखले. "ही पोरगी कुणाची?" म्हणाले. तिचे वडील त्यांच्याच ओळखीच्या कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करणारे) निघाले.

पिशवीतल्या चिंध्यांना तर मला बोलायची वेळच आली नाही. धाकटीने हात घातला आणि डोळे मिटूनच म्हणाली, "हा टॉवेल. हा आत्याच्या ओढणीचा." मग कागदावर तिने टॉवेलसाठी नुसती बारीक बारीक वेटोळी काढली, एकाला एक खेटून. मी टॉवेल नीट बघितला. खरंच तसे फासे असतात.

क्रिमझन आणि अल्ट्रामरीन आणले. वांगं आलं. ज्या मुलाने "पुस्तकातलं खोटं आहे" म्हटलं होतं, त्याने आता दोन्ही लालांचे ठिपके वहीत काढून खाली "टोमॅटो" आणि "डाळिंब" लिहून ठेवलंय. परीक्षेला आहे का, हे यावेळी विचारलं नाही.

सुगडाची कड १४ पैकी चौघांना दिसली. भाच्याला दिसली नाही, तो रुसला. मग त्याला घरी रात्री वाटीवर बॅटरी पाडून दाखवली, पण ती स्टीलची वाटी, तिच्यात अख्खं स्वयंपाकघर दिसत होतं. उगाच गोंधळ वाढला.

एकाचं मात्र जरा सविस्तर सांगते. नऊ वर्षांचा आहे, नाव सांगत नाही. दोन डोंगरांचा सगळ्यात मोठा भक्त. जून-जुलैमध्ये मी मोजली होती, त्याने २३ वेळा ते चित्र काढलं. चपलेच्या खेळात पहिले दोन दिवस तो हसण्यातच होता. तिसऱ्या दिवशी गप्प झाला. मी मागून जाऊन बघितलं. त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला, तिथे सेफ्टी पिन लावलेली. चपलेचा बाकीचा भाग त्याने दोन मिनिटांत उरकला होता आणि उरलेला सगळा वेळ तो पिन काढत होता. पिनेच्या मागचं गोल वेटोळं, टोक जिथे टोपीत शिरतं ती जागा, आणि रबर ताणून पिनेपाशी पडलेल्या दोन सुरकुत्या. मुंगी तिथेच अडकली होती. पावणेसात वाजले, सगळे गेले, तो बसून. चित्रात चप्पल हातभर वाकडी आहे आणि पिन अशी आहे की उचलून लावावी.

ते चित्र मी भिंतीवर लावलं. पालक येतात-जातात, बघतात. त्याची आई आली, चित्राकडे बघून काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या पायात नव्या चपला. माझ्या पोटात कालवलं, मी चित्र काढून ठेवायला हवं होतं, हे सुचलंच नाही. शुक्रवारी तिला रस्त्यात गाठून म्हटलं, वहिनी, माझं चुकलं. ती म्हणाली, "तुमचं कशाला चुकतंय, पगार झाला होता." खरं काय ते तिला ठाऊक.

पोरगा मात्र कुरकुरतोय. नव्या चपलेत काढण्यासारखं काहीच नाही म्हणतो. जुनी त्याने पिशवीत घालून वाचनालयाच्या कपाटात ठेवलीय, रंगपेट्यांच्या शेजारी. परवा त्याने पुन्हा दोन डोंगर काढले. सूर्य, नदी, नारळ, सगळं जागच्या जागी. झोपडीच्या दाराशी चपलांचा जोड आहे, एकीला पिन.

सातवीच्या आई, परीक्षेचं मी पालकांना आता असं सांगते की बादली सातवीत काढू, आत्ता तिच्याजवळ नुसतं बसू. निम्म्यांना पटतं.

सर, एक अडचण. सुगडाला लावलेला चुना पोरांच्या हाताला लागतोय, पापुद्रे सुटतायत. काय करू? आणि गेरूताई, त्रिकोणांचे कागद चिकटवायला खळ चालेल का? फेव्हिकॉल परवडत नाही.

गेरू

खळ चालेल, पण पातळ नको. कागद फुगतो.

फळा_खडू

चुन्यात थोडा डिंक भिजवून घाला, सुटणार नाही. आणि ती जुनी चप्पल टाकू नका, छटेला घ्या. पिनेवर बॅटरी पाडा.